मालिकेतल्या दुकानातला खरा बस्ता

चौतीस वर्षं मी रोज साडी नेसलो. पँट-शर्टावरून, मिशीसकट.

बीडच्या बाजारपेठेतल्या एका तीनमजली दुकानात मी साड्यांचा सेल्समन होतो. बाई घडीतली साडी बघून ठरवत नाही. काठ पायाशी कसा दिसतो, पदर पाठीवर कसा पडतो, हे तिला बघायचं असतं, आणि चारचौघांत अंगावर लावून बघायला ती लाजते. मग सेल्समननं उठायचं, एक टोक कमरेला खोचायचं, बोटांनी झरझर निऱ्या घालायच्या आणि पदर डाव्या खांद्यावर टाकून उभं राहायचं. नवीन असताना मला घाम फुटायचा. नंतर इतकी सवय झाली की एकदा पाटोद्याकडच्या एका पुढाऱ्याच्या घरचा बस्ता चालू असताना मी तसाच समोरच्या हॉटेलात चहाला गेलो. लग्नाआधी घरची सगळी माणसं दुकानात बैठक मारून शालूपासून मानपानाच्या टोपी-टॉवेलापर्यंत सगळं कापड एकदम घेतात, त्याला आमच्याकडं बस्ता म्हणतात. तर या घरच्या पाटलीणबाईंनी सकाळपासून अर्धं दुकान उलगडायला लावलं होतं आणि एकही साडी पसंत नव्हती. मी चहा पिऊन जिना चढतोय तोच त्या म्हणाल्या, "आता ही खरी काढली बगा. एवढा वेळ कावून लपवून ठिवलती?" सकाळी सगळ्यात पहिली दाखवलेली, त्यांनी नाक मुरडलेली आणि मी नकळत पुन्हा गुंडाळलेली तीच ती साडी होती. मी एवढंच म्हणालो, "तुमच्यासाठीच ठिवलती."

माझं नाव रऊफ. दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकांना आम्ही आबाशेठ म्हणायचो. ते आता हयात नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांना मी पुढं लिहिणार आहे ते सगळं आवडेलच असं नाही. दुकानात सुईपासून सुटकेसपर्यंत सगळं मिळायचं. ते बंद झालं त्याच दिवशी मीही घरी बसलो. या अंकाचे संपादकसाहेब म्हणाले, दुकानदारीवर लिहा. पण मला लिहायचं आहे ते दुकान बंद झाल्यानंतरच्या एका महिन्यावर, कारण चौतीस वर्षांत जे जमलं नाही ते त्या महिन्यात जमलं.

एका दुपारी ऋता नावाची जीन्समधली एक मुलगी आमच्या गल्लीत मला शोधत आली. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं तिला पाठवलं होतं. टीव्हीच्या एका मालिकेत ती दिग्दर्शकाची मदतनीस होती.

"चाचा, पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आहे," ती सांगू लागली. "मराठवाड्यातल्या एका गावातला एक साधा सेल्समन स्वतःचं मोठं दुकान काढतो. सगळ्या वस्तू एका छताखाली. खूप वर जातो आणि मग त्याचं सगळं बुडतं."

"बुडतं ते कावून?" मी विचारलं.

"त्याचा भागीदार दगा देतो. आग लागते. ते आमचे सर बघतील. तुम्ही फक्त दुकान कसं चालायचं ते दाखवा."

माझी बायको जैनब दारामागून ऐकत होती. मुलगी गेल्यावर म्हणाली, "जावा. घरात बसून उशांच्या खोळींच्या निऱ्या घालताय ते तरी बंद हुईल."

माजलगावच्या रस्त्यावर कापसाची एक जुनी बंद जिनिंग होती, तिच्या मोठ्या शेडमध्ये त्यांनी दुकान उभं केलं होतं. मी आत पाऊल टाकलं आणि क्षणभर वाटलं, आपलंच दुकान पुन्हा उघडलं. पितळी कड्यांचे दरवाजे, लाकडी जिना, वरच्या बाजूला मालकाची काचेची केबिन, फळ्यांवर रंगीत कापडाच्या थप्प्या. पण गादीच नव्हती. छातीएवढ्या उंच काउंटरमागं सेल्समन उभे आणि अलीकडं गिऱ्हाईकं उभी.

दिग्दर्शक दीक्षितसर चाळिशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. गोष्टही त्यांनीच लिहिलेली. मी त्यांना म्हटलं, "सर, उभ्या गिऱ्हाईकाला घाई असती. आन् घाईत शालू खपत न्हाई. बाईला आदी बसवा, पानी द्या, तिच्या गावचा पाऊस इचारा. मग घडी उलगडा."

त्यांनी सुताराला बोलावलं. दुसऱ्या दिवशी काउंटर गेले आणि पांढऱ्या चादरीच्या गाद्या आल्या, लोडांसकट. त्या दिवसापासून युनिटमधले लोक मला 'मास्तर' म्हणू लागले. गादीवर ठेवायला बीडहून थोडं खरं कापडही मी स्वतः निवडून आणलं. बाकीचं सगळं त्यांनी मुंबईहून आणलेलं दिखाऊ होतं. लांबून झगमगायचं, हातात घेतलं की कागदासारखं लागायचं.

दुकानमालकाचं काम करणारा समीर पुण्याचा होता. मोठा नट, पण स्वभावानं गरीब. त्याला दोन गोष्टी शिकवायच्या होत्या. पहिली कापड फाडणं. पॉपलीनसारखं सुती कापड आम्ही पूर्ण कापत नाही. कडेला कात्रीनं एक चीर द्यायची, दोन्ही मुठींत धरायचं आणि एका झटक्यात फाडायचं. कापड आपोआप धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. भीत भीत फाडलं तर वाकडं जातं. समीरनं पहिल्या दिवशी दोन थानांची चिरगुटं केली. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातून फर्रकन सरळ कापड सुटलं तेव्हा तो लहान पोरासारखा सगळ्यांना दाखवत फिरला.

दुसरी गोष्ट साडी नेसणं. पदर खांद्यावर टाकला की तो कंबर हलवायचा, मान वेळावायचा. युनिटचे लोक हसायचे, मग तो आणखी करायचा. मी एक-दोनदा बघितलं आणि त्याला बाजूला घेतलं.

"साहेब, आपन बाई व्हायचं न्हाई. तुमी निस्ती खुंटी. गिऱ्हाईकाला साडी दिसली पाहिजे, तुमी न्हाई."

"म्हणजे चेहऱ्यावर काय आणू?"

"काईच नका आनू. फकस्त तिच्या डोळ्यांकडं बगा. काठावर थांबले का पदरावर, तेवढं बगा."

संध्याकाळी त्यानं तसं करून दाखवलं. कुणी हसलं नाही. शिलाईकाम करणाऱ्या दोन बायका बघत होत्या, त्यातली एक न राहवून म्हणाली, "जरा वळा की, पदराचा बुट्टा बगू द्या." मी समीरकडं पाहिलं. तो शाळेत पहिला आल्यासारखा उभा होता.

शेवटच्या भागांचं काम जवळ आलं तेव्हा दीक्षितसर मला चहाला घेऊन बसले. म्हणाले, "मास्तर, मला आता भागीदार आणि आग खोटी वाटायला लागलीय. खरं सांगा, दुकान बुडतं कसं?"

मी म्हटलं, "आगीनं बुडत न्हाई सर. आमच्या बाजारात एकाचं दुकान जळालं, आठ दिवसांत तो हातगाड्यावर कापड इकत होता. गिऱ्हाईकं शोधत आली त्याला."

"मग?"

मग मी त्यांना आबाशेठची गोष्ट सांगितली. घरातसुद्धा कधी पुरती सांगितली नव्हती.

सुरुवातीची कितीतरी वर्षं आबाशेठ दुकानाच्या दाराशी बसायचे. आलेल्या माणसाला उठून नमस्कार करायचे. कोण कुठल्या गावचा, कुणाच्या मुलीचा बस्ता आपण बांधला होता, सगळं तोंडपाठ. दुकान वाढलं तसे ते वर गेले. तिसऱ्या मजल्यावर काचेची केबिन केली, पुढं कॅमेरे बसवले. खालचं सगळं पडद्यावर बघायचे. त्याच सुमारास मला साड्यांच्या मजल्याचा मुख्य केलं आणि बसायला खुर्ची दिली. मी खूश होतो.

एका वर्षी वरून नियम आला. आमच्याकडं साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ऊसतोडीची माणसं गावी परततात आणि त्यांच्या पोरींची लग्नं निघतात. सगळं वऱ्हाड ट्रकमधून बस्त्याला येतं. धुळीनं भरलेले कपडे, पायांत तुटक्या चपला. मोठ्या घरच्या बायकांना त्यांच्या शेजारी बसायला नको वाटतं, असं कुणीतरी शेठच्या कानात घातलं. म्हणून ठरलं की या लोकांना मागच्या पायऱ्यांवर बसवायचं आणि गादी मोकळी झाली की बोलवायचं.

त्या उन्हाळ्यात एक बाई मुलीला घेऊन आली. तिच्या थोरलीचा बस्ता मीच केला होता. माझ्या गादीवरून मागच्या जिन्याचं दार दिसायचं. ती पायरीवर बसली होती. तिनं मला बघून हात वर केला. मी खाली मान घालून साडीची घडी घालत राहिलो. दुपारी वर पाहिलं तेव्हा पायरी रिकामी होती.

ती शेजारच्या गल्लीतल्या एका लहान दुकानात गेली. पुढच्या वर्षी तिचं गाव तिकडं गेलं, मग आजूबाजूची गावं. आणि गंमत अशी की मोठ्या घरच्या बायकाही हळूहळू कमी झाल्या. कारण गजबजलेल्या दुकानातच बस्ता बांधायला बरं वाटतं, शांत दुकानात माणूस कचरतो. आबाशेठ शेवटी खाली येऊन पुन्हा दाराशी बसले, तोवर उशीर झाला होता. शटर पडलं त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. "रऊफ, मी वर गेलो तवा तू सांगायचं व्हतंस."

"मलाबी तुमी खुर्ची दिलती ना शेठ," मी म्हणालो.

दीक्षितसरांचा चहा गार झाला होता. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. पण चार दिवसांनी ऋतानं नवीन कागद आणून दिले. भागीदार गेला होता, आग गेली होती. पायरीवर बसलेली एक ऊसतोड बाई होती, वरून काचेतून बघणारा मालक होता आणि मान खाली घालून घडी घालणारा एक म्हातारा सेल्समन होता.

"सेल्समन तुम्ही करायचा," ऋता म्हणाली. "एकही वाक्य नाही. फक्त मान खाली घालायची."

मी हो म्हणालो. मान खाली घालायला काय, मला ते येत होतंच.

बाईचं काम करायला पुण्याहून नटी यायची होती. ती आजारी पडली. चित्रीकरण पुढं ढकलणं शक्य नव्हतं. ऋतानं गर्दीसाठी बोलावलेल्या बायकांमधून एकीला निवडलं. सुभद्राबाई, माजलगावजवळच्या एका खेड्यातल्या, पन्नाशीच्या. लग्न झाल्यापासून ऊस तोडत आलेल्या. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते, ते रंगवायची गरज नव्हती. त्यांना समजावलं गेलं, पायरीवर बसा, मास्तरांकडं बघा, थोड्या वेळानं उठून निघून जा.

"बोलायचं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं हाय. नुसतं बसायचं तर बसते."

तालीम नीट झाली. मग दिवे लागले, पंखे बंद झाले. समीर वर केबिनमध्ये काचेमागं उभा राहिला. मी गादीवर साडी घेऊन बसलो. सुरू करा असा आवाज आला.

सुभद्राबाईंनी माझ्याकडं पाहिलं. ठरलेलं नव्हतं, पण त्यांनी हात थोडासा वर केला. बहुधा माशी हाकलली असेल. मी कधी विचारलं नाही.

मला मान खाली घालता आली नाही. खरोखरच आली नाही. मी गादीवरून उठलो, दारापर्यंत गेलो आणि म्हणालो, "मावशी, हितं कावून बसलाव? वर या. बस्ता हाय का?"

त्यांना वाटलं, मास्तर म्हणतात म्हणजे तसंच असेल. त्या उठल्या, चपला पायरीवर काढल्या आणि गादीवर येऊन मांडी घालून बसल्या.

"व्हय. धाकलीचा हाय," त्या म्हणाल्या.

"नवरीला का मानाची?"

"तिच्या सासूला. लई खवचट बाई हाय. नाव ठिवायला जागा नको ऱ्हायला."

मी हाताशी आलेली एक साडी उलगडली. मुंबईहून आलेली, जरीची, चकचकीत. कमरेला खोचली, निऱ्या घातल्या, पदर टाकला. त्यांचे डोळे पदरावर गेले, तिथून काठावर आले आणि थांबले. त्यांनी काठ दोन बोटांत धरला. मग अंगठा जिभेला लावला आणि काठावर घासला. अंगठा लाल झाला.

"रंग जातोय हिचा," त्या शांतपणे म्हणाल्या.

"ही नका घेऊ मावशी. ही दाखवायची हाय, नेसायची न्हाई." ती मी अंगावरून उतरवली आणि थप्पीच्या तळातून मी आणलेली इरकल काढली. माझा पांढरा रुमाल पाण्यात बुडवून त्यांच्या हातात दिला. "आता घासा. जोर लावून घासा."

त्यांनी जोर लावून घासला. रुमाल उलटून पाहिला. पांढरा.

"धुतल्यावर आटंल का?"

"बोटभर. त्यापरीस जास्त आटली तर माझं नाव बदला."

"पदर दावा."

मी पदर दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. दीक्षितसरांनी थांबा म्हटलं नाही. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. समीर केबिनमधून निघून खाली येत होता, अर्थात दुकानाचा मालक म्हणून. अर्ध्या जिन्यात त्यानं कठड्यावर हात ठेवला आणि तो तिथंच थांबला. वर जाईना, खाली येईना. मी नंतर पडद्यावर पाहिलं, त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. फक्त तो सुभद्राबाईंच्या डोळ्यांकडं बघत होता.

"हीच द्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "बांधा."

त्यानंतर कुठं सरांनी काम थांबवलं. मी पदर उतरवून हात जोडले. "सर, माफ करा. पुन्यांदा करू. आता मान खाली घालतो."

ते जागेवरून उठून आले. त्यांचे डोळे लाल होते. "पुन्हा नाही करायचं," एवढंच म्हणाले.

सुभद्राबाई अजून गादीवरच होत्या. "बांधताव ना?" त्यांनी विचारलं. कपडेपटाचा माणूस धावत आला, ही साडी पुढच्या प्रसंगाला लागेल म्हणू लागला. मी त्याला सांगितलं, गिऱ्हाईकानं पसंत केलेली साडी फळीवर परत जात नसते. सरांनी मान हलवली. मी साडीची घडी घातली, वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि गाठीपाशी बोट अडकवायला फास ठेवला, आमच्या दुकानात ठेवायचो तसा.

"फुकट कावून घिऊ?" त्या म्हणाल्या.

"फुकट न्हाई. दिवसभर बसलाव ना तुमी."

त्यांनी पुडकं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "मास्तर, एक अडचण आहे. तुम्ही मालकाचा नियम मोडलात. आता पुढच्या भागात तुम्हाला कामावरून काढावं लागेल."

मी म्हटलं, "काढा."

समीरनं मला काढलं. चांगलं काढलं. गादीवरून उठवून, सगळ्या गिऱ्हाईकांदेखत. मी चपला घातल्या आणि दारातून बाहेर पडलो. जिनिंगच्या आवारात कडक ऊन होतं. युनिटची माणसं दोन्ही बाजूंना उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि मी मधून चाललो होतो. माझ्या खऱ्या नोकरीत मला एकदाही कुणी काढलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे मानाचंसुद्धा असू शकतं.

तो भाग लागला तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत गल्लीतली माणसं दाटीवाटीनं बसली होती. पायरीवरची बाई गादीवर आली तेव्हा शिंप्यानं शिट्टी वाजवली. सगळे गेल्यावर जैनब आमच्या घरच्या दखनी बोलीत काही बोलली, ते मी मराठीत सांगतो. ती म्हणाली, "तवाच काढलं असतं तर बरं झालं असतं."

"तवा घरात सहा तोंडं व्हती," मी म्हणालो.

"असू दे. भागवलं असतं मी."

एवढी वर्षं मी जिच्या नावानं गप्प बसलो होतो, तिनं मला गप्प बस म्हटलंच नव्हतं.

पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर, एका सकाळी गल्लीत टेम्पो येऊन थांबला. मागं पंधरा-वीस माणसं, पुढं ड्रायव्हरशेजारी सुभद्राबाई.

"चला भाऊ," त्या खालूनच म्हणाल्या. "धाकलीचा बस्ता हाय. खरा. कोनच्या दुकानात जायचं ते तुमीच सांगा."

जैनबनं माझा इस्त्रीचा सदरा काढून दिला. मी त्यांना बाजारातल्या एका दुकानात नेलं, जिथला मालक अजून दाराशी बसतो. आम्ही सगळे आत शिरलो, धुळीसकट. मालक उठला. गादीवर बसताना मी सवयीनं फळ्यांच्या बाजूला वळलो, तर सुभद्राबाईंनी हाताला धरून मला स्वतःशेजारी बसवलं. समोर एक तरुण सेल्समन होता. त्यानं मला ओळखलं आणि तो घाबरला.

"चाचा, तुमीच काढा ना साड्या," तो म्हणाला. "तुमच्यापुढं मी काय दाखवू?"

"दाखव रे बाबा, सावकाश दाखव," मी म्हणालो आणि लोडाला टेकलो. "आज मी वऱ्हाडातला हाय."